पाचशेतले पस्तीस कोणी खाल्ले?

संगणकवाल्याच्या दुकानावरच्या माडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा असा खच पडला होता की वर गेलेला माणूस खाली येताना स्वतःचीच चप्पल घालेल याची खात्री नव्हती. पंखे फिरत होते, पण गर्दीच्या उकाड्यापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. कोणाच्या हातात पेनड्राइव्ह, कोणाच्या हातात पाकिटाएवढी डिस्क. दाताच्या डॉक्टरांनी तर दोन डिस्का रुमालात गुंडाळून छातीशी धरल्या होत्या.

समोर दोन टेबलं, पुढ्यात देणगीची पेटी. डावीकडे संगणकवाल्याचा काळा संगणक, त्याचं नाव ‘दूषित यंत्र’. उजवीकडे पांढऱ्या कापडावर ठेवलेला पांढराशुभ्र संगणक, तो ‘शुद्ध यंत्र’. मध्ये खुर्चीत अवकाशबाबा. त्यांच्या कफनीला इतकी कडक इस्त्री होती की ते हलले की कापडाचा आवाज यायचा. पोटावर मात्र इस्त्रीचा काही इलाज चालला नव्हता.

“बाळांनो,” बाबा म्हणाले, “डबीवर काय लिहिलंय?”

“पाचशे जीबी,” माडी एका आवाजात म्हणाली.

“आणि यंत्र काय दाखवतं?”

संगणकवाल्याने डिस्क काळ्या संगणकाला लावली. मागच्या भिंतीवर आकडा उमटला. चारशे पासष्ट.

“मग पस्तीस कुठे गेले?”

बाबांनी डोळे मिटले, मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाले, “खाल्ले.”

माडीवर शहारा आला.

“प्रत्येक डिस्कमध्ये एक भुकेला आत्मा राहतो. पाचशेत पस्तीस खातो. हजारात एकोणसत्तर खातो. तुम्ही दुकानदाराला दोष देता, कंपनीला दोष देता. अरे, ती बिचारी भरलेलं ताट देतात. वाटेत हा हात मारतो.”

मागच्या रांगेत गणिताच्या बाई सासूबाईंच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला. पाचशेत पस्तीस, हजारात एकोणसत्तर. म्हणजे दर शेकड्याला सातच्या आसपास, ना धड जास्त ना धड कमी. इतक्या शिस्तीचं भूत त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांच्या वर्गात असतं तर त्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं आणि बाकीच्यांना त्याची वही बघायला लावली असती.

बाबांच्या खुणेसरशी संगणकवाल्याने डिस्क पुसून कोरी केली. बाबांनी तिच्यावरून पांढरा रुमाल फिरवला. “शून्य एक, एक शून्य, शून्य शून्य, स्वाहा.” मग स्वतःच्या हाताने डिस्क पांढऱ्या संगणकाला लावली.

पाचशे.

टाळ्यांनी माडी दणाणली. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. दाताचे डॉक्टर, ज्यांनी गावातल्या निम्म्या लोकांच्या दाढा भूल न चढताच उपटल्या होत्या, ते हात जोडून उभे होते.

“पथ्य ऐका,” बाबा म्हणाले. “एक, डिस्क आधी संपूर्ण कोरी करायची. पिशाच फायलींच्या आड लपतं. दोन, आतल्या मजकुराची प्रत काढून ठेवायची नाही. मजकुराची प्रत काढाल तर पिशाचाचीही निघेल. तीन, शुद्ध झालेली डिस्क महिनाभर घरच्या यंत्राला लावायची नाही. लावलीत आणि आकडा घसरला, तर दोष माझा नाही. तुमच्या घराचा.”

बाईंना हसू आवरेना म्हणून त्यांनी खोकल्याचं सोंग घेतलं. घरच्या संगणकाने घरचाच आकडा दाखवला, तर दोष घराचा. पळवाटेलासुद्धा इस्त्री केलेली होती.

हसू विरलं ते शेजारी बघितल्यावर. सासूबाई हसत नव्हत्या. त्या पुढे सरकून, गर्दीतून हात वर करून विचारत होत्या, “बाबा, पिशाचानं जे खाल्लं, ते परत मिळतं का?”

बाबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. पांढरे केस, गळ्यात शिवणकामाची टेप, आणि आवाजात कंप. अशी माणसं ओळखायला बाबांना वेळ लागत नसे.

“काय हरवलंय, माई?”

“आमच्या ह्यांचं बोलणं.”

“मिळेल,” बाबा म्हणाले. “रविवारी डिस्क घेऊन या.”

---

सासूबाई आणि मामंजी, दोघांनी मिळून पडद्यांचं दुकान उभं केलं होतं. मामंजी घरोघरी जाऊन खिडक्या मोजायचे, सासूबाई शिवायच्या. गावातल्या अर्ध्या खिडक्यांवर अजूनही त्यांचंच कापड होतं. म्हातारपणी मामंजींना गोष्टी सांगायची हौस लागली, तेव्हा बाईंनी शाळेतला जुना कॅमेरा आणून समोर ठेवला. मामंजी रोज थोडं बोलायचे. ते गेले, त्याला आता तीन वर्षं झाली. सगळं चित्रीकरण बाईंनीच एका डिस्कवर भरलं होतं. त्र्याण्णव जीबी झालं होतं. कॅमेऱ्यातली कार्डं नंतर शाळेच्या कामाला पुन्हा वापरली गेली. आज ना उद्या दुसरी प्रत काढू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. म्हणजे मामंजींचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता: सासूबाईंच्या लोखंडी कपाटातल्या एका डिस्कवर. किल्ली कमरेला.

आणि त्यांच्या अगदी शेवटच्या दिवसांतलं एक बोलणं त्या डिस्कवर सापडत नव्हतं. सासूबाईंना पक्कं आठवत होतं, कॅमेरा समोर होता. पण फाइल नव्हती.

“आई, ती डिस्क त्यांना द्यायची नाही,” बाईंनी जेवताना सांगितलं.

“का?”

“ते पुसतील. पुसलं की गेलं.”

“पुसलं की पिशाच जातं. मग ह्यांचं राहिलेलं बोलणं परत येतं. बाबा म्हणाले ना.”

“पण आहे ते सगळं जाईल त्याचं काय? एक नसलेली गोष्ट मिळवायला तुम्ही असलेल्या सगळ्या देऊन टाकताय.”

सासूबाईंनी घास खाली ठेवला. “तुला नाही कळायचं. तुझ्याकडे तुझा माणूस आहे.”

बाईंचा माणूस कामानिमित्त बाहेरगावी होता. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, “तू आणि आई बघा. दोघींच्या मध्ये पडून मी आजवर काय मिळवलंय?” आणि फोन ठेवला.

बाईंनी प्रत काढू द्या म्हणून विनवण्या केल्या. सासूबाई कपाटासमोर खुर्ची टाकून बसल्या. प्रत काढली तर पिशाचाचीही निघते, हे त्यांना पटलेलं होतं. बाईंनी हजार आणि एक हजार चोवीस असं काही समजवायला घेतलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “वर्गात शिकव. मी फी भरलेली नाही.”

बाईंना राग आला, आणि रागाखाली भीतीही वाटली. मामंजींनी त्यांना सुनेसारखं कधी वागवलंच नव्हतं. भाजी निवडताना त्या गणितं सांगायच्या आणि मामंजी चुकीची उत्तरं देऊन हसवायचे. ते हसणंही त्याच डिस्कवर होतं.

त्या विचार करत बसल्या. आकड्याचं कोडं त्यांना माडीवरच सुटलं होतं: काळा संगणक एका रीतीने मोजतो आणि पांढरा दुसऱ्या, एवढाच खेळ. अडलं होतं ते दुसरीकडे. बाबांना डिस्क कोरीच का हवी? रुमाल तर भरलेल्या डिस्कवरूनही फिरला असता. त्यात त्यांचा काय तोटा?

भांडी विसळता विसळता त्यांना उत्तर मिळालं आणि हातातलं पातेलं सिंकमध्ये निसटलं.

“काय फुटलं?” सासूबाई आतून म्हणाल्या.

“काही नाही, आई,” बाई म्हणाल्या. “रविवारी मीही येते तुमच्याबरोबर. न्याच ती डिस्क.”

---

रविवारी माडीवर गर्दी दुप्पट होती. पडदेवाल्या आजी येणार हे सगळ्यांना कळलं होतं. बाबांनी नवी कफनी घातली होती. पांढऱ्या संगणकाला भलेमोठे स्पीकर जोडले होते, त्यातून संथ सूर वाजत होते. भिंतीवरचं चित्रही आज थेट पांढऱ्या संगणकावरून पडत होतं. कार्यक्रम थाटाचा करायचा बेत होता.

सासूबाईंनी पिशवीतून डिस्क काढली. संगणकवाला ती घ्यायला पुढे झाला.

“बाबा,” बाई अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, “पुसण्याआधी आईंना एकदा त्यांचा आवाज ऐकू द्या. शेवटचं. आमच्या घरात स्पीकरही धड नाहीत. तुमच्या ह्या शुद्ध यंत्रावर ऐकला तर त्यांना समाधान वाटेल.”

“अशुद्ध डिस्क शुद्ध यंत्राला लागत नाही, ताई.”

“ऐकल्याशिवाय मी डिस्क देणार नाही,” सासूबाई म्हणाल्या. हे काही त्यांचं आणि सुनेचं ठरलेलं नव्हतं. ते आतून आलं होतं.

“लावा की, बाबा,” दाताचे डॉक्टर म्हणाले. “म्हातारं माणूस आहे.”

“लावा, लावा,” मागून आवाज उठले.

बाबांनी क्षणभर हिशोब केला. फाइल वाजवली तर काय दिसणार? फाइल. आकडा विचारल्याशिवाय यंत्र आपण होऊन आकडा सांगत नाही. त्यांनी मोठ्या मनाने हात वर केला. “माईंसाठी एवढा धोका मी पत्करतो.”

“मी लावू का? मला त्यातली फाइल माहीत आहे,” बाई म्हणाल्या आणि कोणी हो म्हणायच्या आत पांढऱ्या संगणकासमोर जाऊन बसल्या. “मला यातलं काही कळत नाही हो. चुकलं तर सांगा.”

भिंतीवर मामंजी आले. बंडी, चष्मा कपाळावर, आणि गोष्ट सुरू करण्याआधी घसा खाकरायची ती सवय. सासूबाईंनी जवळची खुर्ची घट्ट धरली.

“तर ऐका,” मामंजी म्हणाले. “आमचं दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. नाट्यगृहाच्या पडद्यांचं काम मिळालं. कापडवाल्याकडून पाचशे लांबीचं कापड मागवलं. तागे आले. ही बसली मोजायला. आणि मोजून उठली ती लालबुंद होऊन. म्हणे, पाचशे नाहीत, चारशे सत्तावन्न आहेत. त्रेचाळीस खाल्ले मेल्यानं.”

माडीवर कोणीतरी खुदकन हसलं.

“मी म्हटलं, पुन्हा मोज. पुन्हा चारशे सत्तावन्न. मग काय, हिनं मीटरची पट्टी उचलली आणि थेट कापडवाल्याच्या दारात. दिवसाढवळ्या त्याला चोर म्हणाली. गिऱ्हाइकं गोळा झाली. तो भला माणूस काही बोलला नाही. आत गेला, त्यानं आपला लाकडी गज आणला आणि हिच्या पट्टीशेजारी भिंतीला उभा केला. बघते तर त्याचा गज हिच्या पट्टीपेक्षा चार बोटं आखूड. तो वारात विकत होता आणि ही मीटरात मोजत होती. कापड तेवढंच. पाचशे वार काय आणि चारशे सत्तावन्न मीटर काय, एकच. कोणी काही खाल्लं नव्हतं.”

आता सगळी माडी हसत होती. भिंतीवरचे मामंजीही हसत होते.

“त्यानं हिला चहा पाजला. आणि ही, चहा पिऊन, त्यालाच दटावून आली. म्हणाली, आकडा सांगायच्या आधी पट्टी कुठली ते सांगायला काय होतं तुम्हाला? तेव्हापासून आमच्या दुकानाचा नियम झाला. आकडा नंतर. आधी पट्टी विचार.”

चित्र थांबलं. सासूबाई एकाच वेळी रडत होत्या आणि हसत होत्या. बाबाही हसले; त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

“समाधान झालं, माई? आता द्या डिस्क.”

“अगंबाई,” बाई म्हणाल्या, “हे काय झालं माझ्याकडून?”

बंद करायच्या नादात त्यांनी डिस्कची माहिती उघडली होती. निदान तसं त्यांनी नंतर सांगितलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत आकडा होता. पाचशे.

“बाबा,” बाई म्हणाल्या, “डिस्क पुसायची राहिलीय. रुमाल फिरवायचा राहिलाय. मंत्र तर तुम्ही म्हटलाच नाही. मग भूत गेलं कधी?”

पण बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. “पुण्यात्म्याचा आवाज. त्या आवाजानंच पिशाच पळालं.”

माडीवरून पुन्हा कौतुकाचा सुस्कारा निघाला. दाताच्या डॉक्टरांनी मान डोलावली.

“असेल,” बाई म्हणाल्या. “मग हेही बघा. मामंजींचं सगळं बोलणं घरी मी मोजलं होतं, त्र्याण्णव जीबी भरलं होतं. इथे शंभर दाखवतंय.”

“बघितलंत?” बाबा उठून उभे राहिले. “पिशाचानं खाल्लेलं ओकलं. माई, तुमचं हरवलेलं परत आलं.”

सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. एवढं बाईंनी हिशोबात धरलं नव्हतं. नेमका हाच क्षण टाळावा म्हणून त्या आल्या होत्या, आणि तोच समोर उभा राहिला होता.

“आलं?” सासूबाई म्हणाल्या. “खरंच आलं? मग लाव ना गं. लाव लवकर.”

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत दाखवली. प्रत्येक फाइल त्यांनीच नाव देऊन ठेवलेली होती. एकही नवी नव्हती. त्या वळल्या. आता आवाजात गरिबी उरली नव्हती, वर्गातला आवाज लागला होता.

“बाबा, फायली तेवढ्याच आहेत. फक्त एकेक फाइल फुगलीय. आमचे मामंजी जाऊन तीन वर्षं झाली. हे सात जीबी जास्तीचं ते कधी बोलले?”

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. बाबा म्हणाले, “श्रद्धेनं बघावं लागतं, ताई.”

“बघते. आता हीच डिस्क काळ्या संगणकाला लावते.”

“नाही. महिनाभर पथ्य...”

पण डिस्क लागली होती. संगणकवाल्याने भिंतीवरच्या चित्राची जोडणी बदलली. खरं तर त्याचीही उत्सुकता आता चाळवली होती. भिंतीवर आकडे आले: चारशे पासष्ट. आतलं बोलणं: त्र्याण्णव. पुन्हा पांढऱ्याला: पाचशे आणि शंभर. पुन्हा काळ्याला: चारशे पासष्ट आणि त्र्याण्णव. तिसऱ्या खेपेला माडीवरचे लोक आकडा उमटायच्या आत तो मोठ्याने म्हणू लागले.

“भूत फारच दमलं असेल,” मागून कोणीतरी म्हणालं. “किती येरझारा घालायच्या त्यानं.”

“एक नवी डिस्क आणा, सील न फोडलेली,” बाई संगणकवाल्याला म्हणाल्या. तो खालून घेऊन आला. सगळ्यांसमोर सील फोडलं आणि डिस्क थेट पांढऱ्या संगणकाला लावली. रुमाल नाही, मंत्र नाही. पाचशे.

“भूत न जाता पाचशे, आणि जाऊनही चारशे पासष्ट,” बाई म्हणाल्या. “गुण डिस्कचा नाही. गुण त्या यंत्राचा आहे. आणि कोरी डिस्क का लागते, ते आता कळलं का? आत काही असलं की तेही फुगलेलं दिसतं आणि बिंग फुटतं. म्हणून तुमच्याकडून सगळं पुसून घ्यायचं.”

मागे डोळ्यांना पदर लावणाऱ्या त्या बाई एकदम खाली बसल्या. “मी माझ्या लेकीचे लहानपणचे सगळे फोटो पुसले,” त्या कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. माडीवरचं हसू थांबलं.

“त्यावर दुसरं काही भरू नका,” बाई म्हणाल्या. “माहीतगार माणसाकडे नेऊ. कधी कधी परत मिळतात. आपण प्रयत्न करू.”

“अहो, पण दोन यंत्रांचे आकडे वेगळे येतातच कसे?” दाताच्या डॉक्टरांना अजून बाबांची बाजू सोडवत नव्हती. “यंत्र काय खोटं बोलतं?”

बाई खडूसाठी इकडेतिकडे बघू लागल्या. “संगणकाचं मोजणं दुपटीचं असतं. दोन, चार, आठ, सोळा. असं करत करत तो हजारावर नेमका पोचत नाही, एक हजार चोवीसवर पोचतो. पूर्वीच्या लोकांनी म्हटलं, आहेच जवळपास, म्हणू या हजार. डिस्क बनवणारे मात्र सरळ हजाराने मोजतात. बाइटचे किलोबाइट करताना चोवीसचा फरक. किलोबाइटचे मेगाबाइट करताना पुन्हा तोच. मेगाचे गिगा करताना...”

माडी जांभया देऊ लागली. बाबांनी ते हेरलं. “बघा,” ते म्हणाले, “अक्कल वापरायला लागलं की कसं सगळं अवघड होतं. श्रद्धा सोपी असते.”

आणि तेवढ्यात सासूबाई उठल्या.

त्या थेट बाबांसमोर गेल्या. गळ्यातली टेप काढली. पडदे शिवणाऱ्या बाईने टेप काढली की माणूस आपोआप ताठ उभा राहतो, तसे बाबाही राहिले. सासूबाईंनी टेप त्यांच्या पोटाभोवती फिरवली आणि वाचलं, “चाळीस.”

मग टेप उलटी केली. तेच पोट, तीच पकड. वाचलं, “एकशे दोनला जरा कमी.”

त्यांनी बाबांकडे वर बघितलं. “बाबा, न जेवता तुमचं पोट साठाहून जास्तीनं वाढलं. तुम्हाला भूत लागलं, की तुमचं भूत गेलं?”

माडी अशी हसली की खालच्या दुकानातले लोक जिना चढून वर आले. दाताचे डॉक्टर आधी हसले नाहीत. मग त्यांनी टेपच्या दोन्ही बाजू हातात घेऊन पाहिल्या, आणि मग ते इतके हसले की त्यांचे स्वतःचेच दात मोजता आले असते.

“इंच मोठा, सेंटिमीटर लहान. लहान पट्टीनं मोजलं की आकडा मोठा,” सासूबाई म्हणाल्या. “कंपनी वारात विकते, तुमचा काळा डबा मीटरात मोजतो, आणि हा पांढरा पुन्हा वारात. कापड तेवढंच. मी एका भल्या माणसाला याच गोष्टीवरून भर दारात चोर म्हणाले होते. आमचे हे जन्मभर त्यावरून मला चिडवत राहिले. आणि आज मी त्यांचं तेच चिडवणं पुसायला निघाले होते.”

बाबा तेवढ्यात पांढरा संगणक काखेत घ्यायला वाकले होते. संगणकवाला दारात आडवा झाला. “थांबा,” तो म्हणाला. “देणगीची पेटी जागेवरच राहील. आणि बसा जरा. ज्यांनी ज्यांनी पुसलंय, त्यांना आधी तोंड दाखवा.”

बाबा बसले. कफनीची इस्त्री मोडली.

---

घरी येताना दोघी चालत आल्या. डिस्क सासूबाईंनी पदराखाली धरली होती.

“मग ते शेवटचं बोलणं?” अखेर त्यांनी विचारलं.

बाईंना खोटं बोलायचं नव्हतं. “ते नाहीये, आई. कुठेच नाही. ते भरलंच गेलं नव्हतं.”

“माहीत आहे मला,” सासूबाई म्हणाल्या. “बटण मी दाबायचं होतं. त्या दिवशी ह्यांनी बोलायला सुरुवात केली आणि मी ऐकतच बसले. बटणाचं भानच राहिलं नाही. नंतर कोणाला सांगणार? पिशाचानं खाल्लं म्हटलं की बरं वाटायचं.”

बाई थांबल्या. मग त्यांनी सासूबाईंचा हात धरला. “काय सांगत होते?”

“काही नाही गं. दुकानाच्या मागच्या खिडकीचा पडदा आखूड झालाय, असं. आणि बराच वेळ माझी चेष्टा.” सासूबाई हसल्या. “मला सगळं पाठ आहे. तू कॅमेरा लाव. मी सांगते.”

त्याच दिवशी डिस्कच्या दोन प्रती निघाल्या. एक मुलाकडे पाठवली, एक शाळेच्या कपाटात ठेवली. कुठल्याच प्रतीतून भूत निघालं नाही. डबीवरचा आकडा आणि संगणकाचा आकडा वेगळे आले की सासूबाई आता घाबरत नाहीत, त्या बाईंना म्हणतात, “याची पट्टी मीटरची दिसतेय.”

चमत्कार दाखवणारा माणूस नेहमी आकडा दाखवतो, पट्टी लपवतो. यात भक्तिभाव दुखावण्यासारखं काही नाही आणि त्यासाठी फार शिकलेलं असावं लागतं असंही नाही. डोळे मिटायला सांगितलं तर उघडे ठेवा. पुसायला सांगितलं तर आधी प्रत काढा. ‘घरी लावून बघू नका’ म्हटलं तर मुद्दाम घरी लावून बघा.

संगणकवाल्याच्या दुकानात आता काउंटरवर एक जुनी शिवणकामाची टेप टांगलेली आहे. कोणी नवं गिऱ्हाईक येऊन पस्तीस जीबी कुठे गेले म्हणून भांडायला लागलं, की तो काही बोलत नाही. टेप काढून त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, “आधी तुमचं पोट मोजा.”